ताडपत्रीला मधोमध दोरी बांधायची आहे, पण भोक पाडायचं नाही

माळरान

राम राम मंडळी. पावसाळा तोंडावर आलाय म्हणून घाईत धागा काढतोय.

माझ्याकडे ३ बाय ३ मीटरची ट्रेकिंगची टार्प आहे. पातळ नायलॉन, ऑनलाइन घेतलेली, घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी होते. चार कोपऱ्यांना पट्टीच्या कड्या आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर एकेक कडी, बस्स. बीडकडच्या बालाघाटाच्या माळावर आम्ही फिरतो. तिथं बांधायला झाडच नसतं. म्हणजे दोन काठ्या उभ्या करायच्या, त्यावर टार्प टाकायची आणि कडा जमिनीला ओढायच्या.

अडचण अशी की वारा सुटला की उताराचा मधला भाग आत दबतो आणि झोपलेल्याच्या तोंडावर येतो. पाऊस असला तर तिथंच पाणी साचतं. मला मधल्या शिवणीवर दोन आणि दोन्ही उतारांच्या पोटात एकेक अशा जास्तीच्या कड्या हव्यात, म्हणजे बाहेरून दोरीने ते पोट वर ओढून धरता येईल. टेलरला विचारलं तर तो म्हणाला, "द्या, आयलेट ठोकून देतो." (आयलेट म्हणजे भोक पाडून त्यात ठोकायची पत्र्याची गोल रिंग.) मन झालं नाही. वॉटरप्रूफ कापडाच्या बरोब्बर मध्ये भोक पाडून घ्यायचं?

भोक न पाडता काही करता येतं का? पाडावंच लागलं तर पाणी कसं अडवायचं? आणि गोंद कोणता? जाणकारांनी सांगावं.

शेतकरी_परतूर

अहो, हे तर आमच्याकडं पोराटोरांना येतंय. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकली की कडेच्या रिंगा पहिल्या वाऱ्यातच निघून जातात, मग काय करायचं? निंबाएवढा गुळगुळीत गोटा घ्यायचा, ताडपत्रीच्या आतून लावायचा, वरून मुठीत धरायचा आणि गोट्याच्या मानेला दोरीचा फास आवळायचा. भोक न्हाई, शिलाई न्हाई, खर्च न्हाई. जिथं पाहिजे तिथं करा, सकाळी सोडून टाका.

टोकदार दगड तेवढा घेऊ नका. नदीतला गोटा बघा.

अजिंठारांग

परतूरच्या दादांशी सहमत, गोट्याची युक्ती जगभर चालते आणि प्रत्येक ट्रेकरला यायलाच हवी. माळरान, आधी हेच करून बघा. पातळ नायलॉनला दगडापेक्षा मुलांची काचेची मोठी गोटी बरी, कडा नसते. गोटी आतून आणि फास बाहेरून, हा क्रम महत्त्वाचा आहे. उलटं केलंत तर बाहेरच्या बाजूला खळगा होतो आणि त्यात पाणी थांबतं.

मात्र मर्यादा दोन. सिलिकॉनचा लेप दिलेलं कापड फार निसरडं असतं, दोरी जाड असेल तर फास गोटीवरून सुटतो. दोन-तीन मिमीची दोरी घ्या आणि फासाला दोन वेढे द्या. दुसरं, गोटीभोवती कापड गोळा होतं म्हणून तिथून चारी बाजूंना सुरकुत्या जातात. कडेला हे चालून जातं. उताराच्या मधोमध सुरकुती म्हणजे पाण्याला आयती पन्हाळ. कायमची कडी हवीच असेल तर पॅच लावण्याला पर्याय नाही.

पोकळबांबू

एवढा खटाटोप कशाला? चौकातून पिवळी ताडपत्री आणा, आयलेट आलेलेच असतात, फाटली की दुसरी. ट्रेकिंगच्या नावाखाली लोक रुमालाला हजारो रुपये देतात आणि मग त्याला ठिगळं कशी लावायची ते विचारतात. (हलके घ्या.)

माळरान

@पोकळबांबू, ती पिवळी पाठीवर घेऊन तुम्ही पुढं चला, मी मागून येतो.

केमिकललोचा

वाळूजला पॉलिमरच्या धंद्यात आहे, म्हणून तोंड घालतो. गोंद कोणता हा प्रश्न आधी विचारू नका. कापडावर लेप कशाचा आहे ते आधी बघा, गोंद त्यावरून आपोआप ठरतो.

ट्रेकिंगच्या टार्पवर साधारण दोनच लेप असतात, सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू. कधी बाहेरून सिलिकॉन आणि आतून पीयू असतो. सिलिकॉनला फक्त सिलिकॉन चिकटतं, दुसरं काहीही नाही. फेविबॉन्ड, एसआर ९९८, फेविक्विक, एम-सील, सगळं नखाने निघून येईल. पीयूला पीयूचा गोंद चिकटतो. आणि पोकळबांबू सांगतात ती पिवळी किंवा निळी ताडपत्री पॉलिथिनची असते. तिला घरगुती गोंदांपैकी भरवशाने काहीच धरत नाही, तिथं उष्णता लागते. ते नंतर.

घरी ओळखायचं असं: साधी सेलोटेप दोन्ही बाजूंना लावून बघा. पीयूवर टेप नीट बसते, सिलिकॉनवर धरत नाही, अलगद निघते. आणखी एक खूण म्हणजे शिवणीवर आतून कारखान्याची पारदर्शक पट्टी मारलेली दिसली तर आतली बाजू पीयूची, कारण ती पट्टी सिलिकॉनवर बसतच नाही.

माळरान

करून बघितलं. दोन्ही बाजूंना टेप धरत नाही. मधल्या शिवणीवर पट्टी नाही, नुसती दुहेरी शिलाई आहे. म्हणजे दोन्हीकडून सिलिकॉन ना?

केमिकललोचा

हो. मग तुमचं काम सोपं आहे. भोक टार्पला पाडायचंच नाही, पॅचला पाडायचं. कडी पॅचवर शिवून घ्यायची आणि तो पॅच टार्पवर नुसता चिकटवायचा. सुई टार्पला लागलीच नाही तर पाणी येणार कुठून?

पॅचचं कापड बाहेर शोधू नका. टार्प ज्या पिशवीत आली ती पिशवी बहुतेक त्याच कापडाची असते, तीच कापा. टार्प काय, कापडी थैलीतही राहते. १० ते १२ सेंमी व्यासाचे गोल कापायचे. चौकोनी नको, उचकटायला सुरुवात कोपऱ्यातूनच होते. गोलाच्या बरोब्बर मध्यावर १५ मिमीच्या पट्टीची छोटी कडी शिवा, मागून त्याच कापडाचा आणखी एक लहान तुकडा आधाराला द्या. कडी मध्यावरच हवी. ओढ बसली की कापड मध्यातून सुळक्यासारखं उचललं जातं आणि भार चहूबाजूंना वाटला जातो. कडी पॅचच्या काठाला लावली तर तोच काठ सोलून निघेल. चिकटवलेली कुठलीही गोष्ट घसरत्या ओढीला दांडगी असते आणि सोलणाऱ्या ओढीला दुबळी.

सिलिकॉन अॅल्युमिनियम सेक्शन किंवा काचेच्या दुकानात मिळतं, गनमध्ये बसणारी नळी. नळीवर १००% सिलिकॉन लिहिलंय का बघा. तिथंच अॅक्रिलिकच्या नळ्याही अगदी तशाच दिसणाऱ्या असतात, त्या भिंतीच्या फटींसाठी, आपल्या कामाच्या नाहीत. व्हिनेगरसारखा वास येतो ते आम्लाचं सिलिकॉन. कापडाला चालतं, पण पितळ किंवा जस्ताचा मुलामा जवळ असेल तर तो गंजवतं. धातू असेल तिथं न्यूट्रल घ्या.

दोन्ही पृष्ठभाग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ते असतं. शहाबादी फरशीवर टार्प ताणून पसरा. पॅचच्या पाठीवर सिलिकॉनचा पातळ थर जुन्या एटीएम कार्डाने ओढा, एकही जागा कोरडी राहू देऊ नका. मग पॅच ठेवून मध्याकडून कडेकडे हवा काढत दाबा. कडेने बाहेर आलेलं सिलिकॉन बोटाने पसरून टाका, तेच काठ बंद करतं. वर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर वजन. कडीमुळे वजन नीट बसत नाही, म्हणून तिच्या दोन्ही अंगांना पुस्तकं ठेवा. २४ तास हात लावायचा नाही. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर पिकतं, त्यामुळे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत जरा जास्त वेळ द्या आणि दोरी बांधण्याआधी आणखी एक दिवस थांबा.

सीटकव्हर_उदगीर

सरांनी सांगितलं ते उताराच्या पोटातल्या कड्यांसाठी एकदम बरोबर. पण मधल्या शिवणीवरच्या दोन कड्या नुसत्या चिकटवू नका, तिथं खरा भार येतो. मी गाड्यांची सीट कव्हरं, ट्रॅक्टरचे हूड, जीपचे पडदे शिवायलोय, पाण्याशी रोजचा संबंध.

आधी एक समजून घ्या. शिवण म्हणजे सुईच्या भोकांचीच रांग आहे. तुमच्या टार्पच्या मधल्या शिवणीवर पट्टी मारलेली नाही, म्हणजे तिथं भोकं आजच आहेत आणि ती बंद तुम्हाला करायचीच आहेत. मग नवी शिलाई तिथंच घाला. चार थरांचं कापड आयतं मिळतंय, ताकदही तिथंच सगळ्यात जास्त. कडेचंही तसंच. काठाच्या दुमडीत भोक पडलं तरी पाणी तिथून खाली बाहेरच पडणार, माणसावर न्हाई. भीती फक्त उताराच्या मधल्या कोऱ्या कापडाची. तेवढं कोरं ठेवा, बाकी बिनधास्त शिवा.

आता शिलाई. दोरा पॉलिस्टरचा, कॉटनचा न्हाई. कॉटन पाण्यात कुजतं. सुई १४ नंबर, साधी टोकाची. रेक्झिनवाल्याकडं गेलात तर तो चामड्याची सुई लावून बसलेला असतो, ती आधी बदलायला लावा. तिचं टोक धारेचं असतं, धागे बाजूला सारत न्हाई, कापत जातं. टाका मोठा ठेवा, ३ ते ४ मिमी. लोकांना वाटतं बारीक टाका म्हणजे मजबूत. पातळ नायलॉनवर बारीक टाका घातला की पोस्टाच्या तिकिटासारखी रांग तयार होते आणि ओढ बसली की त्याच रेघेवर फाटतं. टाचण्या लावू नका, कपड्याचे चिमटे लावा, न्हाई तर भोकं वाढवून ठेवाल.

शिवणीच्या वर आणि खाली दोन्हीकडं पॅच घ्या आणि कडी दोन पॅचच्या मधून न्या. पट्टीची टोकं लायटरने जाळून घ्या, सुटत न्हाईत.

आयलेटबद्दल टेलरला दोष देऊ नका, त्याच्याकडं तेच असतं. जाड कॅनव्हासला आयलेट चांगली. पातळ कापडाला आयलेट म्हणजे गोल चकतीभर धागे कापून टाकायचे आणि उरलेल्यांना पत्र्याच्या काठावर घासायला ठेवायचं. शिवाय दोन पत्र्यांच्या मध्ये पकडायला कापडाला जाडीच न्हाई.

अजिंठारांग

क्या बात है, उदगीरकर! +१. आणि वाचनखूण साठवली.

खडूफळा

परभणी. शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून फळ्यावर मांडल्याशिवाय राहवत नाही. "खरा भार" म्हणजे किती?

वारा सपाट कापडावर समोरून आदळला तर दाब साधारण ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंद आणि उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर, दाब ६०. किलोच्या भाषेत चौरस मीटरला ६ किलो. तुमची टार्प ९ चौरस मीटर, म्हणजे सगळी समोर आली तर सुमारे ५५ किलो. वादळी पावसाआधीचा वारा ताशी ५४ किमीला गेला तर वेग दीडपट, पण भार सव्वादोन पट, सव्वाशे किलोच्या आसपास. प्रत्यक्षात टार्प तिरकी असते म्हणून एवढा येत नाही, आणि तो सगळ्या कड्यांत वाटला जातो. तरी कड्या कमी असतील तर एकेकीच्या वाट्याला काय येतं ते बघा.

पाण्याचंही सांगून टाकतो. एक चौरस मीटरभर जागेत सरासरी १ सेंमी पाणी साचलं की ते १० लिटर, १० किलो झालं. कापड त्या वजनाने आणखी खाली जातं, मग आणखी साचतं. म्हणून पोट वर ओढून धरणं हा तुमचा विचार योग्यच आहे.

पोकळबांबू

मास्तर, सव्वाशे किलो ऐकून माझी पिवळी पण घाबरली. मागे घेतो शब्द.

दिंडीकर

पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर वारी करणारा म्हातारा आहे. आमची राहुटी कॅनव्हासची, तुमच्या नायलॉनचा मला अनुभव नाही. पण जुनी राहुटी शिवणारे एक करत ते इथं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सगळ्या काठाच्या दुमडीत दोरी घालून शिवत आणि मध्यरेघेवर आतून निवार फिरवत. खुंटीची दोरी त्या आतल्या दोरीला बांधायची, कापडाला नाही. ताण दोरी सोसते, कापड नुसतं पाणी अडवतं.

दुसरं, रात्री पाऊस चालू असताना कॅनव्हासला आतून बोट लावायचं नाही. लावलं की तिथूनच ठिबकायला लागतं. दरवर्षी एखादा नवा पोरगा लावतोच.

अजिंठारांग

काका, नमस्कार. तुमचा मुद्दा टार्पलाही लागू आहे. माळरान, दोन काठ्यांच्या मध्ये आधी एक दोरी ताणून घ्या आणि टार्प त्या दोरीवरून टाका. मधल्या शिवणीवरच्या दोन नव्या कड्या खालच्या बाजूनेही काढल्या असतील तर त्या सरकत्या गाठीने याच दोरीला अडकवता येतात. काठ्यांचा सगळा ताण दोरीवर जातो आणि शिवणीवर फक्त टार्प जागेवर धरण्याचं काम राहतं.

यात एक मेख आहे. दोरी टार्पखालून बाहेर येते म्हणून बाहेरचं पाणी दोरीवरून चालत आत येतं आणि बरोबर मध्यावर ठिबकतं. टार्पच्या काठाच्या जरा आत दोरीला वीतभर सुतळी बांधून लोंबती सोडा, पाणी सुतळीवरून खाली उतरतं.

आणि हे विषयाला सोडून, पण लिहिते. आपल्याकडे मे-जूनमध्ये वीज पडून माणसं आणि जनावरं जातात. उघड्या माळावर अॅल्युमिनियमची काठी उभी करून तिच्याखाली बसणं वाईट. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अॅप फोनमध्ये ठेवा, आसपास वीज असेल तर ते सांगतं. गडगडाट जवळ आला तर टार्प तशीच सोडून खाली वस्तीकडे किंवा गाडीत. गौताळ्यासारख्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही हेही नव्या लोकांसाठी.

गोदाकाठ

धागा चोरतोय, माफी असावी. नांदेडहून. आमची निळी ताडपत्रीच आहे, पोकळबांबूंच्या गटातला मी. कोपऱ्यातली रिंग कापडासकट उपटून आली. सिलिकॉन लावलं, वाळल्यावर सालीसारखं निघालं. आता?

केमिकललोचा

निघणारच, पॉलिथिन आहे ते. तिथं इस्त्री. जुन्या ताडपत्रीचा तुकडा पॅच म्हणून घ्या, दोन्ही बाजू पुसून कोरड्या करा. खाली लाकडी पाट, वर बटर पेपर आणि त्यावर इस्त्री. इस्त्रीवर एक टिंब म्हणजे सुमारे ११० अंश, दोन टिंब सुमारे १५०. तुम्हाला या दोघांच्या मध्ये राहायचंय. वरचा पातळ थर ११० च्या आसपास वितळतो आणि आतली विणलेली जाळी १३० च्या आसपास. थर वितळला पाहिजे, जाळी नाही. जाळी तापली की कापड आकसून चिरगुट होतं. आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा. दाबून धरा, इस्त्री काढल्यावर गार होईपर्यंत वरून सपाट लाकडाने दाब तसाच ठेवा.

मग त्या जाड झालेल्या कोपऱ्यात दुमड घालून नवी आयलेट. फ्लेक्स छापणाऱ्यांकडे आयलेटचं मशीन असतं, हाताने हातोडी मारण्यापेक्षा तिथं जास्त नीट बसते. जुना फ्लेक्स पॅच म्हणून वापरू नका मात्र. तो पीव्हीसी, तुमची पॉलिथिन, इस्त्रीने एकमेकांना धरत नाहीत.

छत गळतीची चंदेरी ब्यूटाइल टेप मिळते. बारीक भोक बुजवायला ठीक, पण तिच्यावर ओढ देऊ नका, आपल्या उन्हात ती मऊ होऊन सरकते.

शेतकरी_परतूर

गोदाकाठ, कोपऱ्यालाच गोटा बांधा की. इस्त्रीला लाइट पाहिजे, ती रात्री येते.

आमच्याकडं ऊसतोडीला जाणारी मंडळी कोपी घालतात, तिच्यावरच्या ताडपत्रीला रिंगा न्हाईत की काही न्हाई. वरून आडव्या दोऱ्या टाकतात आणि दोऱ्यांच्या टोकांना दगड बांधतात. महिनोन्महिने तशीच राहते.

सीटकव्हर_उदगीर

परतूरकर, एक नंबर. पण ती जाड ताडपत्री आहे. पातळ नायलॉनवर वरून दोरी टाकली तर रातभर वाऱ्यात घासून दोरीच कापड खाईल.

माळरान

काम झालं. उताराच्या पोटातल्या दोन्ही कड्या केमिकललोचा सरांच्या पद्धतीने चिकटवल्या, टार्पच्या पिशवीचंच कापड वापरलं. मधल्या शिवणीवरच्या दोन इथल्या बॅग शिवणाऱ्याकडून उदगीरकरांच्या सूचनेनुसार शिवून घेतल्या. त्याला सुई बदलायला सांगितली तर म्हणाला, "कुणी सांगितलं तुम्हाला?" मग सगळी शिवण सिलिकॉनने दोन्हीकडून रंगवली. सर, पातळ करायला रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन घेतलं, ते चालतं ना? ब्रशने ओढता येईल इतकं पातळ केलं, सिलिकॉनच्या दुपटीहून जास्तच लागलं.

गच्चीवर ताणून वरून पाइपाने पाणी सोडलं, खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. कोरडं राहिलं.

आता दोन प्रश्न. पोटातल्या कड्यांना दोरी किती घट्ट ओढायची? आणि काळ्या मातीत खुंट्या धरत नाहीत, त्याचं काय?

केमिकललोचा

मिनरल टर्पेंटाइन बरोबर. उघड्यावर केलंत ना? वाफ पेट घेते, चूल किंवा सिगारेट जवळ नको.

पोटातल्या कड्यांना घट्ट अजिबात नाही. पोट जेमतेम उचललं जाईल इतकंच. आणि दोरीच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचं कापलेलं कडं घाला. झटका आला की आधी रबर ताणलं जातं, पॅचवर थेट जात नाही. रबर तुटलं तरी चालेल, ते कमजोर राहिलेलंच बरं.

कोपऱ्यांनाही तेच रबर लावा, त्याचं कारण वेगळं. नायलॉन ओलं झालं की लांबतं. संध्याकाळी कडक ताणलेली टार्प रात्री पावसात ढिली पडते आणि तुम्ही म्हणता खुंटी सुटली. पॉलिस्टरला हा त्रास बराच कमी. रबर असेल तर ढील तेच खेचून घेतं, नाही तर रात्री एकदा उठून दोऱ्या ओढायच्या.

शेतकरी_परतूर

काळ्या मातीत बारकी लोखंडी खुंटी उन्हाळ्यात भेगेत जाते आणि पावसात लोण्यातून निघाल्यावानी निघते, तिच्या नादी लागू नका. बाभळीची दीड हाताची खुंटी, दोरीच्या उलट्या अंगाला कलती ठोका. न्हाई तर खताच्या रिकाम्या गोणीत माती भरा, तोंड बांधा, त्यालाच दोरी आणि गोणी अर्धी पुरा. मुरमाड माळावर बांधकामाच्या उरलेल्या सळईचे तुकडे चालतात. खडक असला तर मोठा धोंडा, दुसरं काय.

खडूफळा

कलती ठोका याला अनुमोदन. दोरी आणि खुंटी यांच्यात काटकोन राहिला पाहिजे. दोरी जितकी लांब सोडाल तितकी ओढ आडवी जाते आणि खुंटी वर उपसली जात नाही.

माळरान

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं. टार्प घडी करून ठेवली होती, आज उघडली तर रंगवलेली शिवण स्वतःलाच चिकटून बसली होती. सुटली, काही निघालं नाही, पण चर्रर्र आवाजाने जीव गेला. हे नेहमी असंच होणार का?

केमिकललोचा

नव्या सिलिकॉनचा चिकटपणा आहे, पूर्ण पिकलं तरी थोडा राहतो. शिवणीवर आणि पॅचच्या काठांवर टाल्कम पावडर चोळा, जादा झटकून टाका. पावडर कुठलीही चालेल.

पोकळबांबू

सुवासिक घेऊ नका, मुंग्या लागतील. (हे अनुभवाने नाही, अंदाजाने.)